आधी नियमपुस्तक, मग गाडी : हौशी सेडान शर्यतींविषयी वाचकांचे प्रश्न

बंदिस्त सर्किटवरच्या हौशी सेडान शर्यतींसाठी गाडी निवडण्याबद्दल आणि बांधण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा), सीट आणि सुरक्षा पट्ट्यांचे आकडे एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ‘अपेंडिक्स जे’ नियमांतले आहेत. तुमच्या संघटनेचा नियम वेगळा असेल तर तुम्हाला तोच लागू होईल.

प्रश्न : माझ्याकडे १६०० सीसीची चार दारांची जुनी सेडान आहे. इंजिन ठणठणीत आहे. हीच शर्यतीसाठी बांधायला घेऊ का?

गाडी हाताशी आहे, एवढ्यावरून ती निवडू नका. ज्या स्पर्धेत उतरायचं तिचं चालू वर्षाचं नियमपुस्तक मिळवा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. तुमचं मॉडेल मान्य गाड्यांच्या यादीत आहे का, कोणत्या वर्गात आहे आणि त्या वर्गात तिला किमान वजन किती ठरवलं आहे.

यादीत नाव दिसलं म्हणून काम झालं असं नाही. एकाच नावाखाली कंपनी दोन-तीन इंजिनं, वेगवेगळे गिअर रेशो आणि दोन मापांचे ब्रेक विकत असते. यादीतली नोंद बहुधा उत्पादनाची वर्षं आणि इंजिनाचा कोड धरून केलेली असते. काही नियमपुस्तकं एकाच नोंदीत बसणाऱ्या गाड्यांचे भाग एकमेकींना लावायची मुभा देतात. म्हणजे नोंदीतल्या शेवटच्या वर्षाच्या गाडीची ब्रेकची मोठी डिस्क पहिल्या वर्षाच्या गाडीला चालते. पण नोंदीबाहेरच्या महागड्या मॉडेलचा ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) लावलात तर गाडी अपात्र ठरते, मग तो त्याच कंपनीचा आणि बोल्टला बोल्ट बसणारा का असेना. म्हणून चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदीशी ताडून पाहा.

काही स्पर्धा एफआयएचा होमोलोगेशन फॉर्म, म्हणजे मॉडेलला मिळालेल्या मान्यतेचा कागद, मागतात. १९८२ साली ग्रुप ए आणि ग्रुप एन हे कारखान्यात बनणाऱ्या गाड्यांचे शर्यती-वर्ग सुरू झाले तेव्हा बारा महिन्यांत त्या मॉडेलच्या किमान ५,००० गाड्या बनलेल्या असाव्यात अशी अट होती. मान्य झालेल्या मॉडेलच्या फॉर्ममध्ये प्रत्येक भागाचं माप आणि छायाचित्र असतं. तपासनीस वाद मिटवतात ते याच कागदावर. तुमच्या वर्गात तो लागत असेल तर गाडीआधी त्याची प्रत मिळवा.

नियमपुस्तक वाचायची रीतही समजून घ्या. ‘जे स्पष्ट शब्दांत परवानगी दिलेलं नाही ते निषिद्ध’ हे कलम या खेळात जवळजवळ सगळीकडे असतं. ‘असं करू नये असं कुठे लिहिलंय?’ हा बचाव तपासणीत टिकत नाही. शंका असेल तर तांत्रिक समितीला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर गाडीच्या फाइलीत लावा. तोंडी होकाराला काही किंमत नाही.

प्रश्न : दोन मॉडेलं यादीत आहेत. एकाची ताकद जास्त, दुसरं हलकं. काय बघून ठरवावं?

ताकद आणि वजन दोन्ही कागदावर समतोल करूनच यादी बनवलेली असते. खरा फरक पडतो तो गाडी ठरवून दिलेल्या किमान वजनापर्यंत उतरते की नाही यावर. हा हिशेब विकत घेण्याआधी करा. समजा गाडीचं रस्त्यावरचं वजन ११३० किलो आहे. मागची सीट, पुढच्या सीटा, गालिचे, डांबरी थर, दारांची आतली पॅनेलं आणि नियमांत बसत असेल तर एसी, एवढं काढून साधारण १२० किलो जातील. रोल केजचे ४०, शर्यतीची सीट आणि तिचे ब्रॅकेट १५, अग्निशामक यंत्रणेचे ८, असे ६३ किलो परत चढतील. गाडी झाली १०७३. हेल्मेट-सूटसह चालक ८५ किलोचा असेल तर एकूण ११५८. वर्गाचं किमान वजन चालकासह ११०० असेल, तर ही गाडी कायम ५८ किलो जास्त ओढत राहणार. याउलट १०६० किलोची गाडी याच हिशेबाने १०८८ वर येते आणि तिच्यात १२ किलोचं वजन तुम्हाला हवं तिथे, म्हणजे शक्य तितकं खाली, बोल्टने बसवता येतं. दुसरी गाडी घ्या.

त्यानंतर ब्रेक बघा. पुढच्या डिस्क हवा खेळणाऱ्या दुहेरी आहेत का? त्या मापाचे शर्यतीचे पॅड कुणी बनवतं का? नसतील तर इंजिन कितीही दमदार असो, गाडी सोडून द्या. रिमच्या मापाचंही तेच. स्पर्धेचं ठरलेलं टायर ज्या मापात येतं ते माप नियमाप्रमाणे तुमच्या गाडीला बसायला हवं.

पुढच्या चाकांना ताकद की मागच्या, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला आहे. पुढची चाकं खेचणारी गाडी बांधायला सोपी आणि नवख्याला क्षमाशील. पण खेचणं, वळणं आणि ब्रेकचा बहुतेक भार ही तिन्ही कामं पुढच्याच टायरांवर पडतात, म्हणून लांब शर्यतीत पुढचे टायर आधी संपतात. मागची चाकं ढकलणारी गाडी वळणातून बाहेर पडताना बरी, पण डिफरन्शियलचं तेल आणि मागच्या बुशांकडे (सस्पेन्शनच्या जोडांतल्या रबरी बैठकांकडे) जास्त लक्ष द्यावं लागतं. पहिल्या गाडीसाठी आमचा कल पुढच्या चाकांकडे.

आणखी एक बघा. त्या वर्गात गेल्या मोसमात किती गाड्या उतरल्या? तीन गाड्यांच्या वर्गात शिकायला मिळत नाही आणि अडल्यावर कुणाकडे सुटा भागही मिळत नाही.

प्रश्न : आधीच बांधलेली गाडी घ्यावी की रस्त्यावरची घेऊन बांधावी?

नियमांत बसणारी, चालू हंगामात धावत असलेली गाडी मिळत असेल तर ती घ्या. बांधणीचा खर्च विकताना क्वचितच वसूल होतो आणि त्याचा फायदा घेणाऱ्याला होतो. मात्र तिचा केज आजच्या नियमांत बसतो का, केजचं प्रमाणपत्र किंवा संघटनेची नोंदवही सोबत आहे का, आणि सीट-पट्ट्यांच्या लेबलांवरची मुदत उरली आहे का, हे पाहिल्याशिवाय सौदा करू नका. केज बदलावा लागला तर बांधलेल्या गाडीचा सगळा फायदा गेला असं समजा.

रस्त्यावरची गाडी घेत असाल तर रंग, सीटा, म्युझिक यांच्याकडे बघूच नका, ते सगळं जाणार आहे. बघायचा तो पत्रा. पुढच्या स्ट्रटचे टॉवर, दारांखालची पेटी, सबफ्रेम जिथे बोल्टने लागते ती जागा आणि मागच्या सस्पेन्शनच्या कडा टोकदार पेचकसाने टोचून बघा. जिथे टोक आत गेलं, तिथे केजचा पाय उभा राहणार नाही. अपघाताची गाडी ओळखायला इंजिन-खणाची आणि खालच्या ठरावीक छिद्रांची तिरकी मापं दोन्ही बाजूंनी घ्या. ती मिलिमीटरभरात जुळायला हवीत. ५ मिलिमीटरचा फरक दिसला तर चाकांची जुळणी कायम चकवत राहील. इंजिनाचं कॉम्प्रेशन गरम असताना, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तपासा. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती मोजताना, २० टक्क्यांच्या वर गळती दिसली तर हवा कुठून येते ते ऐका. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

प्रश्न : गाडी आणली. काम कोणत्या क्रमाने करू?

आधी गाडी जशी आहे तशी धुऊन, वजनकाट्यावर चढवून चारही चाकांचं वजन लिहून ठेवा. मग आतलं सगळं काढा. एअरबॅग आणि स्फोटकाने ताणले जाणारे मूळ सीट बेल्ट काढताना बॅटरी तोडून किमान १० मिनिटं थांबा, कारण यंत्रणेच्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते. काढलेली बॅग तोंड अंगापासून दूर ठेवून न्या आणि तोंड वर करून ठेवा. स्टिअरिंगचं कुलूप काढून टाका किंवा कायमचं निकामी करा. धावत्या गाडीत ते अडकलं तर काय होईल हे सांगायला नको.

फरशीवरचा डांबरी थर खरवडायचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे कोरडा बर्फ. तो उणे ७८ अंशांवर असतो. चुरा करून १५-२० मिनिटं पसरवून ठेवला की थर काचेसारखा ठिसूळ होतो आणि हातोडीने तडकून निघतो. जाड हातमोजे घाला आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड फरशीलगत साचतो आणि गाडीत वाकून काम करणाऱ्याला श्वास पुरत नाही.

वायरिंगला घाईने कात्री लावू नका. नव्या गाड्यांत चावीची चिप, एबीएस आणि इंजिनाचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. दाराचा मॉड्यूल काढला म्हणून इंजिन अर्ध्या ताकदीवर अडकल्याची उदाहरणं आहेत. एक फ्यूज काढा, इंजिन चालू करा, काही बिघाड दिसतो का ते पाहा, मगच ती तार कापा. एबीएस काढायची मुभा असली तरी ठेवाच. ओल्या ट्रॅकवर एक टायर चाक अडकून एका जागी घासून चपटं होण्यापासून वाचलं तरी त्याची किंमत वसूल.

मोकळा सांगाडा तयार झाला की केज. केजनंतर रंग, मग सीट, मग ब्रेक आणि सस्पेन्शन. इंजिन सर्वांत शेवटी. बहुतेक जण उलट क्रमाने जातात आणि मोसम सुरू होतो तेव्हा गाडीत दमदार इंजिन असतं, पण बसायला सीट नसते.

प्रश्न : रोल केज ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतला तर चालेल का? नळी कोणती घ्यावी?

चालेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. तुमची संघटना हाताने बनवलेला केज मान्य करते का, आणि तो वेल्डर पातळ नळीवर पूर्ण शिरकावाचा जोड देऊ शकतो का. गेट आणि जाळ्या बनवणारा कुशल कारागीर हे काम करू शकेलच असं नाही. त्याला त्याच नळीचे दोन तुकडे जोडायला द्या, जोड आडवा कापून बघा. आत वितळलेला धातू दिसला नाही तर दुसरा माणूस शोधा.

अपेंडिक्स जेप्रमाणे नळी थंड ओढलेल्या, बिनजोड, साध्या कार्बन पोलादाची आणि किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणशक्तीची हवी. चालकामागच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २. शिवण असलेली स्वस्त नळी वाकवताना शिवणीवर फुटते, म्हणून ती बाद. वाकाची त्रिज्या नळीच्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची. वाकाजवळ नळी चपटी झाली तर लहान आणि मोठ्या व्यासाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली जाता कामा नये. व्हर्निअर कॅलिपरने मोजा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आतल्या बाजूला सुरकुती पडली असेल तर ती नळी फेकून द्या.

मुख्य कमानीचे आणि पुढचे पाय थेट फरशीच्या पत्र्यावर टेकवू नका. फरशीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो आणि उलटलेल्या गाडीत नळी त्यातून आरपार जाते. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट सांगाड्याला वेल्ड करा. शक्य तिथे ती फरशीवरून दारपेटीच्या उभ्या भिंतीवर वळवून न्या, म्हणजे भार दोन पातळ्यांत वाटला जातो. बोल्टने पाय बसवायचा असेल तर ८.८ दर्जाचे एम८ बोल्ट, प्रत्येक पायाला किमान तीन. मागच्या तिरक्या आधारांना दोन बोल्ट आणि ६० चौरस सेंटिमीटरची प्लेट पुरते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या छताजवळच्या जोडांत. केज छताला घट्ट बसवला की नळीच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही आणि कारागीर पाऊण जोड करून सोडून देतो. वरून फिलर आणि रंग लागला की काही दिसत नाही. नियम सांगतो की जोड नळीच्या पूर्ण परिघाभोवती हवा, आणि तपासनीस छोटा आरसा घालून नेमकं तिथेच बघतो. यावर एक जुनी युक्ती आहे. पायाच्या प्लेटांच्या जागी फरशीला छिद्रं पाडून केज १०-१२ सेंटिमीटर खाली सोडायचा, वरचे सगळे जोड आरामात पूर्ण करायचे, मग केज उचलून त्याखाली प्लेटा सरकवून वेल्ड करायच्या. दुसरा मार्ग छताचा पत्रा कापून परत लावायचा, पण सगळ्या वर्गांत त्याला परवानगी नसते.

वेल्डिंगआधी बॅटरी, अल्टरनेटर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर तोडून ठेवा, आणि काचांवर ओली जाड कापडं टाका. ठिणगीने काचेवर पडलेले डाग जात नाहीत. हेल्मेट जिथे आपटू शकेल तिथल्या नळ्यांना एफआयए ८८५७-२००१ दर्जाचं कडक अस्तर लावा. पाइपवर चढवायचा मऊ फोम दिसायला तसाच असतो, पण डोकं आपटताच तो पूर्ण दबतो आणि मागे लोखंड उरतं.

प्रश्न : सीटचे सुरक्षा पट्टे खांद्यावरून सरळ मागच्या फरशीच्या बोल्टला नेले. तपासणीत नापास झाले. का?

कारण धक्का बसताच तिरके खाली गेलेले पट्टे तुमचा कणा दाबतात. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून खाली जास्तीत जास्त ४५ अंश, आणि उत्तम म्हणजे १० अंशांच्या आसपास असायला हवेत. म्हणून मुख्य कमानीला खांद्याच्या उंचीवर आडवी नळी देतात आणि पट्टे तिच्यावर गुंडाळतात. त्यांची लांबीही कमी ठेवा, कारण लांब पट्टा जास्त ताणला जातो. कमरेचा पट्टा पोटावर नको, नितंबांच्या हाडांवर बसायला हवा आणि सीटच्या छिद्रांतून यायला हवा, तिच्या कडेवरून नव्हे. मांड्यांमधले पट्टे वगळू नका. ते नसले तर छातीचा पट्टा ओढताच कमरेचा पट्टा वर सरकून पोटावर येतो.

सीट एफआयएच्या ८८५५-१९९९ दर्जाची असेल तर ती निर्मितीपासून ५ वर्षं चालते आणि ८८६२-२००९ दर्जाची १० वर्षं. सीटचे आधार सांगाड्याला किमान ४ ठिकाणी, कमीत कमी ८ मिमीच्या बोल्टांनी धरलेले हवेत. पोलादाचे आधार किमान ३ मिमी जाडीचे हवेत आणि प्रत्येक बोल्टाखाली किमान ४० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. मूळ सीटची सरकणारी पट्टी तशीच ठेवून वर शर्यतीची सीट लावणं ही जीव धोक्यात घालणारी काटकसर आहे. मान वाचवणारं हान्ससारखं उपकरण सक्तीचं नसलं तरी घ्या. रंगाचा खर्च पुढच्या वर्षी करा.

प्रश्न : चार-पाच फेऱ्या झाल्या की ब्रेकचं पेडल तळाला जातं. थंड झालं की पुन्हा ठीक. पॅड बदलू की मोठे ब्रेक लावू?

पेडल मऊ होऊन खाली जातं म्हणजे ब्रेक फ्लुइड उकळलं आहे, दोष पॅडचा नव्हे. पॅड तापून निकामी झाले असते तर पेडल दगडासारखं कडक राहिलं असतं आणि गाडी थांबली नसती. या दोन लक्षणांत गल्लत करून लोक नको ते भाग बदलत बसतात.

ताज्या डॉट ४ (डॉट ही ब्रेक फ्लुइडची प्रतवारी) फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतली ओल शोषतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की तोच आकडा किमान १५५ वर येतो. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. शर्यतीसाठी बनवलेली फ्लुइडं ३०० च्या पुढे जातात. ती डॉट ४ सारखीच ग्लायकॉलची असतात, म्हणून जुन्या यंत्रणेत चालतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. ते यांत मिसळू नका, घालूही नका. उघडलेला डबा पुढच्या शर्यतीसाठी ठेवायचा नाही.

सगळं फ्लुइड बदला. काही गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करायची असते, काहींत क्रम वेगळा असतो, म्हणून कंपनीची पुस्तिका पाहा. शर्यतीच्या प्रत्येक दिवसाआधी चारही कॅलिपरमधून थोडं फ्लुइड काढत जा. मग पुढच्या बंपरमधून ७५ मिमीचा लवचिक पाइप डिस्कच्या मध्यभागी हवा सोडेल असा लावा, अर्थातच वर्गात मुभा असेल तर. हवा डिस्कच्या एकाच चेहऱ्यावर मारली तर डिस्क असमान तापून वाकते. हवा डिस्कच्या मध्यात शिरली पाहिजे. डिस्कवरचा धुळीचा पत्रा काढायची परवानगी असेल तर तोही काढा.

नवे पॅड लावल्यावर ते बसवून घ्या. मध्यम वेगातून वाढत्या जोराने आठ-दहा वेळा ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही, आणि मग एक फेरी ब्रेक न वापरता थंड करायची. तापल्या पॅडसह पेडल दाबून उभं राहिलात तर डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढच्या फेरीपासून स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात.

वळणानंतर पहिल्या वेळी पेडल खाली जातं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर बरोबर येतं, असं असेल तर मामला फ्लुइडचा नाही. चाकाचं बेअरिंग ढिलं झालं आहे आणि डिस्क डगमगून पॅड मागे ढकलते आहे. बेअरिंग बदला.

प्रश्न : इंजिनात काय करावं? वर्गात ते मूळ स्थितीत ठेवायचं बंधन आहे.

मग ते मूळ स्थितीतच ठेवा आणि त्याला जिवंत ठेवण्यावर सगळा खर्च करा. सेडानची इंजिनं बहुधा ताकद वाढवल्यामुळे फुटत नाहीत, ती तेलाविना मरतात. लांब वळणात शर्यतीचे टायर गाडीला १ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या जोराच्या, आसपास बाजूला ओढतात. तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका भिंतीवर चढतं आणि पंपाच्या नळीला हवा लागते. वळण चार सेकंदांचं, पण बेअरिंगला तेवढं पुरेसं असतं. त्या वेळी कानाला काही कळत नाही. दोन शर्यतींनंतर टकटक सुरू होते. संपात झडपांचे आडवे पडदे बसवायची परवानगी असेल तर ते पहिलं काम. नसेल तर तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरून ठेवा. त्याहून बरंच जास्त भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि तेलाचा दाब पुन्हा कमी होतो.

मूळ तेलाचा दिवा फार उशिरा लागतो. शर्यतीसाठी १.५ ते २ बारवर पेटणारा मोठा दिवा डोळ्यांसमोर बसवा. उपयोगी मोजमाप असं की गरम इंजिनात प्रत्येक १००० आरपीएममागे सुमारे ०.७ बार दाब मिळायला हवा.

थंडाव्यासाठी बऱ्याच स्पर्धा ग्लायकॉलचं कूलंट चालू देत नाहीत, कारण ट्रॅकवर सांडलं तर ते घसरडं असतं आणि लवकर सुकत नाही. गंजरोधक घातलेलं शुद्ध पाणी वापरा. १ बारच्या झाकणाखाली पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतं, म्हणून जुनं, दाब न धरणारं झाकण हे तापण्याचं अगदी स्वस्तातलं पण नेहमी विसरलं जाणारं कारण असतं. गाडी गोठणाऱ्या थंडीत उभी राहणार असेल तर पाणी काढून टाका, नाहीतर ब्लॉक तडकेल. रेडिएटरभोवतीच्या फटी पत्र्याने बंद करा, म्हणजे हवा बाजूने न निसटता रेडिएटरमधूनच जाईल.

पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेल्यावर वळणात इंजिन अडखळत असेल तर पंप सुकतो आहे. पंप बदलायच्या आधी टाकी अर्ध्यावर ठेवून बघा.

प्रश्न : चाकांचा कोन किती ठेवावा? आणि चारही चाकांखालचं वजन जुळवायचं म्हणजे काय करायचं?

स्ट्रट असलेल्या, पुढून खेचणाऱ्या गाडीला पुढे उणे २.५ ते ३.५ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन) हा सुरुवातीचा आकडा. पुढे थोडा टो-आउट, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर वळलेली, मागे शून्याच्या आसपास. त्यानंतर आकडे टायरला विचारा. फेरी संपताच, गाडी थंड व्हायच्या आत, टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यात सुई घालून तापमान घ्या. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश गरम असेल तर कॅम्बर ठीक. बाहेरची जास्त गरम असेल तर कॅम्बर वाढवा. मधला पट्टा दोन्हींहून गरम असेल तर हवा जास्त झाली आहे.

वजन जुळवताना चालक किंवा तेवढं वजन सीटवर ठेवा, पेट्रोल अर्धं भरा, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) एका बाजूने सोडा, हवा नेमकी करा आणि जमीन खरोखर सपाट आहे याची पातळीने खात्री करा. समजा पुढे डावीकडे ३१० आणि उजवीकडे ३०० किलो, मागे डावीकडे १९५ आणि उजवीकडे २०५ आलं. एकूण १०१०. पुढचं उजवं आणि मागचं डावं यांची बेरीज ४९५, म्हणजे ४९ टक्के. ती ५० वर आणायची तर पुढच्या उजव्या स्प्रिंगची बैठक थोडी वर फिरवा. त्या चाकावर आणि कर्णातल्या समोरच्या चाकावर दोन्हीकडे वजन वाढेल. एका वेळी एकच फेरा, मग गाडी ढकलून पुढेमागे करून पुन्हा मोजा. स्प्रिंगची बैठक फिरवता येत नसेल अशा वर्गात हा खेळ सोडून द्या आणि नवे डँपर, नवे बुश यांवर लक्ष द्या. झिजलेल्या बुशांवर काढलेला कोणताही कोन पहिल्याच ब्रेकला बदलतो.

प्रश्न : तपासणीत गाडी नेमकी कशासाठी परत पाठवतात?

क्षुल्लक गोष्टींसाठी. गाडीची सगळी वीज तोडणारा कट-ऑफ स्विच दाबल्यावर इंजिन बंद व्हायला हवं. अल्टरनेटरची तार त्यातून नेली नसेल तर बॅटरी तुटूनही इंजिन चालत राहतं. स्विच आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालायला हवा आणि बाहेर निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचं चिन्ह हवं, कड पांढरी, पाया किमान १२ सेंटिमीटर. ओढायचा हुक पुढे-मागे आणि पिवळा, लाल किंवा केशरी रंगवलेला. बॅटरी पट्टीने जखडलेली आणि प्लस टोक झाकलेलं. ॲक्सिलरेटरची स्प्रिंग सुटली तर थ्रॉटल आपोआप मिटायला हवा. ब्रेक दिवे चालू हवेत. अग्निशामक हाताला पोहोचेल असा, धातूच्या पट्ट्यांनी धरलेला आणि तारखेत. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने कसा, पहिल्या सरावानंतर चाकं थंड झाली की पुन्हा तपासा.

प्रश्न : शर्यतीनंतर गाडी ३ किलो कमी भरली आणि निकाल गेला. सकाळी तर ६ किलो जास्त होती.

पेट्रोलचं एक लिटर साधारण ०.७४ किलोचं असतं. शर्यतीत १२ लिटर जळलं की सुमारे ९ किलो गेले, नेमका तुमचा फरक. टायरचा झिजलेला रबर आणि चालकाचा घाम वेगळाच. किमान वजन शर्यतीच्या शेवटी, टाकीत उरेल तेवढ्या कमीत कमी पेट्रोलसह भरायला हवं. आमचा सल्ला वर ५ किलोची मोकळीक ठेवायचा. ही भर शिशाच्या किंवा पोलादाच्या पट्ट्यांची, शेजारच्या सीटच्या जागी फरशीवर, खालून प्लेट देऊन किमान दोन बोल्टांनी जखडा आणि नियमांत असेल तर तपासनीसाकडून सील करून घ्या. आणि तुम्ही सकाळी घरच्या काट्यावर मोजत असाल, तर एकदा स्पर्धेच्या काट्यावरही गाडी चढवून दोघांतला फरक लिहून ठेवा. निकाल तिथल्या आकड्यावर लागतो.